तेरेजाबाईंचा गप्पांचा नाद

अहो वहिनी, कढीपत्ता मग तोडा, आधी कुंपणापाशी या. सकाळच्या मिस्साला जाऊन आले. आज १५ ऑक्टोबर, संत तेरेजाचा सण. छे हो, कोलकात्याच्या मदर तेरेसा नव्हेत! ही स्पेनमधल्या आविला गावची, १५१५ सालची. आणि आपल्यासारखीच गप्पांची भारी हौशी.

घरचं बरं होतं. पण आजोबा मूळचे यहुदी, बरं का. ख्रिस्ती झाले तरी संशय सुटला नाही. टोलेडोत धर्मन्यायालयाने त्यांना प्रायश्चित्ताचा झगा घालून गावभर फिरवलं होतं. आईला शूर सरदारांच्या कादंबऱ्यांचं वेड. नवऱ्याला खपत नसे, म्हणून मायलेकी लपून वाचायच्या. तेरेजा सात वर्षांची असताना तर भावाला घेऊन घरातून पळाली! कुठे? मुसलमान मूरांच्या मुलखात, देवासाठी मरायला. चुलत्याने वाटेतून धरून आणलं.

१५३५ मध्ये मठात गेली. पुढे अशी आजारी पडली की चार दिवस निपचित. मठात तिच्यासाठी खड्डासुद्धा खणून ठेवला होता. त्यातून उठली आणि बसली पुन्हा पाहुण्यांशी गप्पा मारत. मठ कसला, भरलेला वाडाच तो! वर्षानुवर्षं बोलण्यात घालवली म्हणून आत्मचरित्रात तिने स्वतःलाच किती बोल लावलेत. मला मात्र वाटतं, त्या गप्पा वाया गेल्याच नाहीत. कारण प्रार्थना म्हणजे काय, तर आपल्यावर जीव असलेल्या मित्राशी एकांतात बोलत बसणं, असं तिनेच पुढे सांगितलं. नाद तोच, ऐकणारा तेवढा बदलला!

आणि उदाहरण बघा कसं दिलंय, अगदी आपल्या वाडीतलं. मन म्हणजे बाग. पहिल्यांदा विहिरीतून पाणी शेंदायचं. हात भरून येतात, कधी पोहरा रिकामाच वर येतो. मग रहाट, कष्ट कमी नि पाणी जास्त. मग पाटाचं पाणी. आणि शेवटी पाऊस, तेव्हा माळ्याने नुसतं बघायचं. माझ्या सासऱ्यांच्या वाडीत रहाट होता, म्हणून मला हे पटकन कळलं. शेंदण्याच्या पुढे मी अजून गेले नाही, ती गोष्ट वेगळी.

स्वयंपाकघरात राबणाऱ्या सिस्टरांना सांगायची, देव भांड्याकुंड्यांतही असतो. काय म्हणालात, संत जनाबाई आठवली? मलाही तीच आठवली!

बरं, ही नुसती ध्यानात बसणारी नव्हे. १५६२ मध्ये गावातच छोटा, कडक शिस्तीचा मठ काढला. मग आजारी अंगाने खेचरांच्या गाड्यांतून हिंडत मठ उभे केले, सगळे मिळून सतरा. पुढे संत झालेल्या योहान ऑफ द क्रॉसलाही तिनेच या कामात ओढलं. १६२२ मध्ये संतपद मिळालं, तेही आपल्या गोंयच्या सायबाबरोबर, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरबरोबर, एकाच दिवशी. चर्चची पंडिता ही पदवी मात्र १९७० मध्ये. तोवर एकाही बाईला ती दिली नव्हती. घ्या!

सण १५ तारखेलाच का? अहो, ती गेली ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री, आणि नेमकं त्याच रात्री स्पेनमध्ये कॅलेंडर बदललं. मधले दहा दिवस गळाले. दुसरी सकाळ उजाडली ती १५ ऑक्टोबरची.