घसा बसला की चौक उठतो

कागलमध्ये खोटं बोलायचं असेल तर ते लिहून द्यावं. तोंडानं बोललात की संपलं. समोरचा शब्दांकडे लक्षच देत नाही. तो आवाज ऐकतो आणि तुमची झोप, जेवण, कर्ज, बायकोशी चाललेला अबोला असं सगळं एका दमात सांगून मोकळा होतो.

माझी आत्या या विद्येत गावात पहिली. फोनवर मी नुसतं "हॅलो" म्हणायचा अवकाश.

"का रं, आवाज उतरलाय तुझा?"

"न्हाई आत्या, बरा हाय की."

"बरा कुठला? पगार झाला न्हाई व्हय?"

"झालाय."

"मग सायबानं झापलं आसंल."

साहेबानं झापलेलं नसतं, झापणार असतो. आत्याला भविष्यही ऐकू येतं.

यात जादू काही नाही. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा थरथरतात, बाईचे २०० च्या आसपास. ताण आला की मानेचे आणि स्वरयंत्राचे स्नायू आवळतात, तंतू ताणले जातात आणि आवाज वरच्या पट्टीत सरकतो. श्वास उथळ होतो, वाक्य मधेच तुटतं, लाळ आटते. म्हणून "साहेब, चार दिवस रजा हवी होती" हे वाक्य घरी आरशासमोर भारदस्त वाटतं आणि केबिनमध्ये शाळेतल्या पोरानं म्हटल्यासारखं बाहेर पडतं.

कागलात या शास्त्राची प्रात्यक्षिकं निवडणुकीच्या हंगामात गैबी चौकात होतात. आमच्याकडं गटाशिवाय माणूस नाही आणि सभेशिवाय गट नाही. पहिल्या आठवड्यात उमेदवाराचा आवाज खणखणीत असतो. दुसऱ्यात तो चिरकतो. शेवटच्या सभेला नुसती हवा येते आणि चौक टाळ्यांनी उठतो, कारण ज्याचा घसा बसला तो राबला, असा आमचा हिशोब. ठणठणीत घशाच्या उमेदवाराकडं लोक संशयानं बघतात. हा घरात बसून होता काय? बसलेल्या घशासाठी मग कार्यकर्ते ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचं दूध घेऊन धावतात आणि "साहेब, आता नुसतं कुजबुजा" असा सल्ला देतात. डॉक्टरांना विचारलं तर ते सांगतात, कुजबुजल्यानंही घशावर ताण येतो, गप्प बसा. पण निवडणुकीत गप्प बसा हे सांगणारा डॉक्टर विरोधी गटाचा ठरतो.

आवाज चहाडी करतो हे खरं, पण अर्धीच करतो. काहीतरी बिघडलंय एवढं तो सांगतो. काय बिघडलंय, ते सांगत नाही. तो मोकळा भाग आमची गल्ली भरून काढते. आत्याच्या शेजाऱ्यांचा आवाज एकदा घोगरा आणि जड व्हायला लागला. "वाटणीचं दुःख घशात उतरलंय," असा निकाल लागला, कारण भावाशी रानाचा दावा चालू होता. शेवटी रक्त तपासलं तर थायरॉइड मंद. गोळ्या सुरू झाल्या, आवाज उघडला. दावा मात्र अजून चालू आहे.

डाव्या बाजूच्या स्वरतंतूला हलवणारी नस तर फारच कागलची वाटते. मेंदूकडून निघून ती सरळ घशात जात नाही. आधी खाली छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या रोहिणीला वळसा घालते आणि मग वर येते. कोल्हापूरला निघालेल्या माणसानं आधी निपाणीला जाऊन यावं तशी. त्यामुळे कधी कधी गाठ असते छातीत आणि बसतो घसा. तक्रार एका गावची, दाखल दुसऱ्या ठाण्यात.

पोटाचीही चुगली हा घसा करतो. रात्री अकराला तांबड्या रश्श्याच्या वाट्या रिचवून लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल वर चढतं आणि सकाळी आवाज फाटलेला असतो. त्यावर आमच्याकडं उपाय एकच, पांढरा रस्सा.

बसलेल्या आवाजाची थोर गोष्टही आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यात येऊन पोचली. गायक अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत अतिगायनानं गेला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्यांनी रडगाणं न गाता त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली. पुढं १८९५ मध्ये ते कोल्हापूर दरबारी आले. दरबार राजर्षी शाहूंचा, म्हणजे मूळच्या आमच्या कागलच्या घाटगे घराण्यातल्या राजाचा. गाण्याचं घराणं जयपूर-अत्रौली, राजाचं घराणं कागल. आम्ही तेवढं श्रेय घेतोच.

आवाजावरून माणूस ओळखायचं आत्याचं काम आता यंत्रं शिकू लागलीत. २०२० मध्ये मुंबई महापालिकेनं गोरेगावच्या कोविड केंद्रात आवाजावरून संसर्ग ओळखण्याचा प्रयोग करून पाहिला. आवाजातला ताण मोजणारी उपकरणंही निघाली, पण त्यांच्या भरवशावर कुणाला खोटारडं ठरवता येत नाही. घाबरलेला खरा माणूस आणि घाबरलेला चोर यांचा आवाज सारखाच कापतो. आत्याची अडचणही नेमकी हीच, फक्त ती वीज खात नाही.

तेव्हा मंडळी, आवाज ऐका, पण निदान करत बसू नका. आपला हा सगळा तंबाखूचा पट्टा. घसा बसून तीन आठवडे झाले आणि उघडला नाही, तर हळदीचं दूध बाजूला ठेवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. तंबाखू, विडी, मिश्री असेल तर दुसऱ्या कुणाच्या आधी जा. ते बारीक दुर्बिणीतून स्वरतंतू बघतात, काही मिनिटांचं काम. आणि भिऊ नका, तिथं फक्त "ई" म्हणायला सांगतात. खरं बोला असं कुणी म्हणत नाही.