विरारहून इटली: नवशिक्यांसाठी

इटलीतलं डोंगरावरचं एखादं मध्ययुगीन गाव मित्रांबरोबर बघायचं तुमच्या मनात आहे. शाब्बास. पण घराचे हप्ते चालू असल्याने शेंगेनची भानगड झेपणारी नाही, हेही आम्ही जाणतो. धीर सोडू नका. टेकडी विरारला आहे, गाव वसईला आहे. अल्बम एकच करायचा.

१. मित्र जपून निवडा. खरोखर इटली पाहून आलेल्याला अजिबात कळवू नका.

२. टेकडीसाठी जीवदानी गाठा. पायऱ्या हजाराच्या वर आहेत. घाबरू नका, शंभरेक चढा आणि देवीची मनोमन माफी मागून तिथेच फोटो काढा. मग खाली बघा. इटलीतल्या सान जिमिन्यानोच्या धनिकांनी एकमेकांच्या नाकावर टिच्चून बांधलेल्या मनोऱ्यांपैकी आज १४ उरलेत. आपल्याकडे पझेशन मिळालेले, रखडलेले आणि ओसी नसलेले धरून मोजता मोजता अंधार पडेल. खिडक्यांतल्या वाळत घातलेल्या चादरी फोटोत आल्या तरी चालेल. तिकडेही वाळत घालतात.

३. मग लोकलने वसई रोड. मध्ये फक्त नालासोपारा. कामाच्या दिवशी सकाळी मात्र हे धाडस करू नका. वसईला उतरणारा आणि वसईला चढणारा समोरासमोर आले की चढणारा जिंकतो, आणि तुमची इटली बोरिवलीला होते.

४. आता किल्ला. इथे जरा सांभाळा, कारण इथे बघण्यासारखं खरंच पुष्कळ आहे आणि त्यात दुपार जाऊ शकते. १५३४च्या तहात गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांनी तटाच्या आत अख्खं शहर वसवलं: चर्चं, मठ, वाडे. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी ते घेतलं. हे सगळं ग्रुपमध्ये सांगू नका. 'बहादूर' म्हणेपर्यंत दोघे सावलीला गेलेले असतात. कुणी "रोमन आहे ना रे हे?" म्हणालाच, तर मान डोलवा. मनोऱ्यातली घंटा कुठे गेली असं विचारलं, तर दुरुस्तीला गेली म्हणा. वसईच्या घंटा लुटीत आल्या आणि त्यातली एक वाईजवळ मेणवलीत घाटावर टांगलेली आहे, हे खरं उत्तर अल्बमच्या कामाचं नाही.

चर्चच्या फरशीत थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. त्यांवरची पोर्तुगीज अक्षरं निम्मी झिजलीत, उरलेल्यांत माती आणि शेवाळ. बॅगा ठेवायला इतकी सपाट जागा किल्ल्यात दुसरी नाही, म्हणून सगळे तिथेच ठेवतात. तुम्हीही ठेवा.

चांगली कमान दिसली की रांगेत उभे राहा. पुढे प्री-वेडिंगवाली जोडी असेल. मुलीचा गाऊन करवंदीच्या काट्यात अडकलाय, फोटोग्राफर "दादा, वहिनींकडे बघून हसा" म्हणतोय आणि दादा घामाने निथळतोय. त्याच्याबद्दल थोडी हळहळ बाळगा, पण नंबर सोडू नका.

५. खाण्याचे फोटो हवेतच. त्यांच्याकडे उन्हात वाळवलेले टोमॅटो, आपल्याकडे सुकेळी. जवळून काढलात तर दोन्ही ओळखू येत नाहीत.

६. रात्री अल्बम टाका. खाली फक्त "टस्कनी" लिहा आणि एक हृदय. मावशी विचारेलच, "कुठल्या कंपनीने गेलात रे?" बेधडक "वेस्टर्न" म्हणा. खोटं बोलल्याचं पाप लागत नाही.