नाकाची कैफियत

मनुष्याच्या चेहऱ्याची मालकी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत त्याच्या आईकडे आणि लग्नानंतर बहुधा पत्नीकडे असते. मधल्या काळात मात्र तो मित्रमंडळाकडे गहाण पडलेला असतो, आणि त्या गहाणखताची मुदत संपेपर्यंत मूळ इसमाचा स्वतःच्या नाकावरदेखील काडीइतका अंमल चालत नाही.

माझ्या नाकाविषयी चौदाव्या वर्षापर्यंत माझी काही फिर्याद नव्हती. श्वासोच्छ्वासाचे काम ते चोख बजावीत असे, आणि आजोबांपासून वंशपरंपरेने चालत आलेले असल्यामुळे घरात त्याच्याकडे इनाम म्हणूनच पाहिले जाई. वर्गातल्या वैऱ्यांनी त्याला पोपटापासून गरुडापर्यंत यच्चयावत पक्ष्यांच्या पदव्या बहाल करून पाहिल्या होत्या. परंतु वैऱ्याचा अभिप्राय मुळातच पक्षपाती असल्याने तो दप्तरी दाखल करून घेण्याचे मला कधी कारण पडले नाही. घात केला तो माझ्या जिवलग मित्राने. एका संध्याकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढता चढता त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत सद्गदित स्वरात तो म्हणाला, "हे बघ, नाकाचं तू मुळीच मनाला लावून घेऊ नकोस. शेवटी माणसाचा स्वभाव महत्त्वाचा."

त्या क्षणापर्यंत मनाला लावून घेण्याजोगे काही आहे, याची मला वार्ताही नव्हती! शत्रूच्या शिवीने जे साधत नाही ते मित्राच्या सांत्वनाने साधते, हा पौगंडावस्थेचा पहिला कायदा मी त्या पायऱ्यांवर शिकलो. त्यातून नाकाच्या बाबतीत निसर्गाने अशी मेख मारून ठेवली आहे की, स्वतःची बाजू स्वतःला एका आरशात धड दिसत नाही. जगाला मात्र ती चोवीस तास दिसते. समोरासमोर दोन आरसे असलेले केशकर्तनालय आमच्या पेठेत एकच होते, आणि दाढीचा मागमूस नसतानाही मी तेथे इतक्या खेपा घालू लागलो की, तेथील वृद्ध कारागिराला मी त्याचा धंदा शिकण्याच्या इराद्याने येत असल्याचा संशय आला.

मित्राच्या ऋणात राहणे बरे नव्हे, म्हणून मीही यथावकाश त्याच्या उंचीचा विषय काढून, "अरे, चार्ली चॅप्लिन तरी कुठे उंच आहे?" असा दिलासा त्याला दिला. दुसऱ्या दिवसापासून तो तालमीतल्या आडव्या दांडीला तिन्हीसांजेपर्यंत वटवाघळासारखा लोंबकळू लागला. आमच्यातल्या तिसऱ्याच्या गालांवर मुरुमे उठली, तेव्हा तर रीतसर बैठकच भरली आणि मसुराचे पीठ, उगाळलेले जायफळ व मुलतानी माती यांचा त्याच्यावर क्रमवार प्रयोग करण्याचे ठरले. वयात येताना अंगात नव्याने वाहू लागणाऱ्या स्रावांमुळे त्वचेतल्या तैलग्रंथी उन्मत्त होतात, आणि काही काळाने त्या आपण होऊन शुद्धीवर येतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. परंतु त्या ग्रंथींना आमच्या बैठकीचा ठराव कळविण्याची काही सोय नव्हती. हातपाय आधी लांबतात आणि धड मागाहून रखडत येते, हीही त्या वयाची सर्वमान्य रीत आहे. ती आम्हांला ठाऊक असती, तर दांडीला लटकणाऱ्या त्या जीवाचे पाय वाढत असताना धड का वाढत नव्हते, याचा उलगडा झाला असता.

1956 साली 'सी. आय. डी.' हा चित्रपट लागला आणि देव आनंदच्या कपाळावरचा कोंबडा आमच्या इयत्तेतल्या झाडून सगळ्या कपाळांवर बसला. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे: आपण देव आनंद नाही या दुःखाने आमच्यापैकी कोणी अन्न वर्ज्य केल्याचे माझ्या स्मरणात नाही, मात्र शेजारच्या बाकावरच्या पोराचा कोंबडा आपल्यापेक्षा बोटभर उंच बसतो, या शल्याने तळमळणारे पुष्कळ होते. लिओन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 सालीच असे मांडून ठेवले होते की, मनुष्य स्वतःची तुलना दूरच्यांशी न करता आपल्यासारख्याच जवळच्यांशी करतो. पुढे कॉलेजात हे वाचताना या विद्वानाला आमच्या पेठेचा पत्ता कोणी दिला असावा, असा प्रश्न मला पडला. त्या वयातल्या काळज्यांचे खापर सिनेमावर फोडणारी वडीलधारी मंडळी मला म्हणूनच भाबडी वाटतात. सिनेमा नमुना पुरवतो. मोजमाप घेण्याचे काम मित्रच करतात.

मुलींच्या प्रांतात हाच कारभार अधिक पद्धतशीरपणे चालतो, हे मला 1960 साली 'लव्ह इन सिमला' आल्यावर कळले. त्या चित्रपटाची नायिका साधना हिचे कपाळ रुंद दिसते, म्हणून दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर तिचे केस कापवून कपाळावर सोडले होते. म्हणजे मूळ प्रकरण एका कपाळाच्या दुरुस्तीचे. पण बघता बघता त्या दुरुस्तीची सक्ती देशातल्या सगळ्या कपाळांवर झाली. माझ्या चुलतबहिणीचे कपाळ जेमतेम दोन बोटांचे. मैत्रिणींच्या आग्रहावरून तिनेही 'साधना कट' करून घेतला, आणि जे होते तेही नाहीसे झाले. शुक्रवारी आजी करंडा घेऊन पुढे आली आणि कुंकू लावायला जागा शोधू लागली, तेव्हा घरात मोठाच पेचप्रसंग उभा राहिला. अखेर दोन चिमट्यांनी बटा बाजूला कराव्या, कुंकू लावावे, आणि आजीची पाठ वळताच बटा पूर्ववत सोडाव्या, असा तोडगा मैत्रिणींच्या मंडळाने एकमताने मंजूर केला. आणि बटा बाजूला केल्यावर भुवया जरा दाटच निघाल्याचे लक्षात आल्यामुळे, त्याच बैठकीत त्याबद्दल चुलतबहिणीचे सांत्वनही करण्यात आले.