प्रकल्पग्रस्त

धरणात जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्ताला निदान सरकारी दाखला तरी मिळतो. आमच्या भाच्याला प्रकल्प पुरा झाल्याशिवाय काहीच मिळणार नव्हतं. पुण्यात फोटोग्राफीच्या शेवटच्या वर्षाला असलेले हे चिरंजीव दिवाळीनंतर शिरूरला उतरले ते काळा कुडता, काळी पँट, काळी सॅक आणि खांद्यावर ट्रायपॉड अशा थाटात. विषय मंजूर होऊन आला होता: ‘ख्रिस्ती श्रद्धा’. हाच का रे, असं विचारलं तर म्हणाला, ‘‘मामा, ॲक्सेस आहे ना!’’

ॲक्सेस म्हणजे आम्ही. शिरूरच्या ज्या चर्चमध्ये याचा बाप्तिस्मा झाला आणि त्या वेळी याने पाळकसाहेबांचा चष्मा ओढून पाण्यात टाकला, त्याच चर्चकडे आता हा एखाद्या उत्खननाकडे बघावं तसा बघत होता. आमचे पूर्वज अमेरिकन मराठी मिशनच्या काळातले. मिशन मुंबईत आलं १८१३ला, नगरला १८३१ला, आणि पुढच्या दशकात शिरूरला. मिशनचं नियतकालिक ‘ज्ञानोदय’ निघालं १८४२ला. आमच्या घरी ते पिढ्यान् पिढ्या येत आलंय आणि वाचून झाल्यावर फडताळात अंथरलं जातंय. हे सगळं मी त्याला सांगत असताना तो माझ्या कानामागे बघत होता. ही फोटोग्राफरांच्या जातीची खूण. हे लोक माणसाकडे बघत नाहीत, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघतात. तुम्ही घरातलं मरण सांगत असता, आणि मधेच आवाज येतो, ‘‘काका, जरा डावीकडे सरकता? पोपडे मस्त आलेत.’’

दुसरी खूण म्हणजे ‘नॅचरल बसा’. हे दोन शब्द ऐकल्यावर शिरूर तालुक्यातला एकही माणूस आजवर नॅचरल बसलेला नाही. पाठ ताठ होते, पंजे गुडघ्यांवर येतात आणि चेहऱ्यावर मतदार ओळखपत्र उमटतं.

प्रकल्पाचं टिपण इंग्रजीत होतं. ते त्याने आम्हाला वाचून दाखवलं. त्यात ‘लिमिनल’ हा शब्द इतक्या वेळा आला की आमच्या थोरल्या आत्याला ते औषधाचं नाव वाटलं, आणि जेवणाआधी घ्यायचं की नंतर, असं तिने विचारलं. थोडक्यात मुद्दा असा, की गाईड मॅडमना श्रद्धा सरळ दाखवलेली नको होती. हात जोडलेली माणसं, मेणबत्त्या, क्रूस हे सगळं ‘फार लिटरल’. श्रद्धा दाखवायची ती अनुपस्थितीतून. म्हणजे रिकामी जागा, रिकामी बाकं, नुकतंच कोणीतरी उठून गेलंय असा भास.

रविवारी उपासना संपायच्या बेतात असताना हा पाळकसाहेबांच्या कानाशी लागला, ‘‘साहेब, लोकांना जरा बाहेर काढता येईल का?’’

पाळकसाहेब सोशिक आहेत. म्हणाले, ‘‘बाळा, वीस वर्षं मी यांना आत आणायला झटतोय.’’

तरी लोक बाहेर गेले. बाहेर चहा होता. आत राहिल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, ट्यूबलाइटी, नाताळच्या शुभेच्छांचा गेल्या वर्षीचा फ्लेक्स आणि डोक्यावर पंखे. एका पंख्याच्या तीन पात्यांवर तीन भावांची नावं आहेत, ‘आईच्या स्मरणार्थ’ म्हणून. पंखा फिरत असताना ती वाचता येत नाहीत, आणि तीन भाऊ एकमेकांशी बोलत नसल्यामुळे ते बरंच आहे. खुर्च्यांच्या पाठींवरही नावं, घड्याळावर नाव, पाण्याच्या पिंपावर नाव. भाचा वैतागला. ‘‘मामा, प्रत्येक फ्रेममध्ये टेक्स्ट येतंय. एकही वस्तू निनावी नाही का इथे?’’ नाही. आमच्याकडे निनावी देणगी फक्त दानपेटीत पडते, तीसुद्धा शेजारी बसलेल्याला दिसेल अशी.

ऑर्गनच्या शोधातही तो होता. आमच्याकडे पेटी आणि तबला आहे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती मंडळीला भजनाला आणि कीर्तनाला लावलं तेव्हापासून आम्ही देवाला टाळ वाजवूनच हाक मारतो. टिळक जाऊनही शंभर वर्षं उलटली, १९१९ला गेले ते, पण या फोटोवाल्यांच्या मनातलं ख्रिस्ती चर्च अजून हॉलिवूडच्या सिनेमातलंच असतं: उंच खिडकी, रंगीत काच, तिरीप, तिरिपीत धूळ. आमच्याकडे धूळ मुबलक आहे, तिरीप तेवढी नाही.

कापणीच्या सणाला मात्र मला वाटलं, आता याचं काम होणार. शेतातलं, परसातलं पहिलं पीक लोक वेदीपुढे आणून ठेवतात. त्यात ऊस आला, बाजरीची कणसं आली, भोपळे, लिंबं, अंडी आणि पाय बांधलेली एक कोंबडीसुद्धा. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव, पैसे मंडळीला. लिलाव पुकारतात आमचे एक निवृत्त कंडक्टर. त्यांचा आवाज चालत्या एसटीत मागच्या बाकापर्यंत पोचायचा, तो आता वेशीपर्यंत पोचतो. एका दुधी भोपळ्याला दोनशे रुपये आले. ज्याने घेतला त्याने तो जागच्या जागी पुन्हा देवाला दिला. पुन्हा पुकारा. मग तीनशे. त्यानेही परत दिला. अशा रीतीने तो भोपळा चार घरांचा झाला आणि कोणाच्याच घरी गेला नाही. भाचा सावलीत बसून कॅमेऱ्यातले फोटो मागे-पुढे करत होता. त्याला वाटलं, कार्डात काही बिघाड झालाय. दर वेळी वेगळा माणूस, वेगळं हसू, आणि हातात तोच भोपळा. मी समजावून सांगितलं, तर म्हणाला, ‘‘हे फार गर्दीचं आहे, मामा. श्वास घ्यायला जागा नाही फ्रेममध्ये.’’

मग मी त्याला कर्नल वॉलेसच्या थडग्याची गोष्ट सांगितली, ती सांगायला नको होती असं घरचे अजून म्हणतात. शिरूरला इंग्रजांची छावणी होती. कोरेगाव भीमाच्या लढाईला स्टाँटनची तुकडी निघाली ती इथूनच, ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री. त्याच्याही आधी, १८०९ला, हा कर्नल विल्यम वॉलेस इथे वारला आणि त्याला इथेच पुरलं. गावकरी त्याला सत्पुरुष मानत आणि हंगामात पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्याला दाखवत, असं १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात छापलंय. भाच्याचे डोळे पहिल्यांदाच माझ्याकडे, मागच्या भिंतीकडे नव्हे, वळले. ‘‘म्हणजे मेलेला, आणि गोरा, आणि नैवेद्य हिंदूंचा? मामा, हे तर पोस्टकलोनियल आहे!’’

पहाटे जाऊन त्याने तिकडे ट्रायपॉड रोवला. आमच्या भागात तीन पायांवर काहीही उभं राहिलं की पाचव्या मिनिटाला माणसं जमतात. बायपास, रिंगरोड, कालवा, काहीही असू शकतं.

‘‘मोजणी कशाची?’’

‘‘मोजणी नाही, काका. मी श्रद्धा शोधतोय.’’

‘‘कुणाची रं?’’

एकाने आपली विहीर वाचवायची विनंती केली, दुसऱ्याने गुंठ्याचा भाव विचारला. त्या दिवशी कार्डावर थडगं कमी आणि सातबारे जास्त आले. फोटोत म्हातारे हातात कागद धरून लेन्सकडे आशेने बघताहेत. मला विचाराल तर त्याचे सगळ्यात चांगले फोटो तेच. त्याने ते पुसून टाकले.

गाईड मॅडमनी आता तालुका ओलांडायला सांगितलं, म्हणून आम्ही एसटीने दौंडकडे निघालो. न्हावरा, पारगाव. चौफुल्याच्या कलाकेंद्रांच्या पाट्या बघून त्याने पुढे तिथपर्यंत जायची इच्छा दाखवली. ती कला वेगळी, असं सांगून मी त्याला केडगावलाच उतरवलं.

केडगाव म्हटल्यावर माझी गाडी थांबत नाही, हे माझे सगळे नातेवाईक जाणतात. पंडिता रमाबाई १८५८च्या, म्हणजे पुण्याकडून आगगाडी या भागात आली त्याच सालच्या. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो पोरी आणि बाया उचलून आणल्या. पुण्यात प्लेगच्या धास्तीने एवढी माणसं ठेवता येईनात, तेव्हा या माळावर त्यांना वसवलं. विहिरी खणल्या, माग घातले, तेलघाणा घातला, छापखाना उभा केला. शास्त्र्याच्या घरातली, संस्कृतात वाद जिंकणारी ही बाई म्हातारपणाकडे झुकत असताना हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली. अडाणी बायकांनाही कळेल असं बायबल तिला मराठीत हवं होतं. त्याचे खिळे जुळवायला याच पोरी होत्या, ज्यांना काही वर्षांपूर्वी भाकरीसुद्धा माहीत नव्हती. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या, १९२४ला ते बायबल पुरं बाहेर पडलं.

भाच्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘भारी आहे, मामा. पण यात व्हिज्युअल काय?’’

रमाबाईंच्या या वसाहतीत मुली-बायका राहतात, तिथे कॅमेरा बाहेर काढायचा नाही, हे मी घरून निघतानाच बजावलं होतं. त्यामुळे लेन्सवर टोपण, आणि तोंडावर दुष्काळ. तसं बघितलं तर दुष्काळाचे फोटो हा आमच्या मिशनवाल्यांचाच जुना धंदा. त्यांनी हाडं निघालेल्या पोरांचे फोटो काढून अमेरिकेच्या मासिकांना धाडले, तिकडच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ने वर्गणी जमवली आणि १९००ला ‘क्विटो’ नावाची बोट मका घेऊन मुंबईला लागली. फोटोतल्या माणसाला विचारलं नव्हतं, हा दोष तेव्हाही होताच. पण त्या फोटोंतून मका आला. यांच्या फोटोंतून मार्क येतात, तेही अंतर्गत.

दौंडला पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन पुढून काढून मागे लावायची जुनी रीत होती. प्रकल्पाचंही तिथे तेच झालं. माझ्या ओळखीचे एक रेल्वेचे निवृत्त गार्ड आहेत, मूळ गोव्याचे, सगळी नोकरी दौंडात. त्यांनी नाताळची गव्हाणी बघायला बोलावलं. गव्हाणीत मेंढपाळांच्या मागून खेळण्यातली मालगाडी फिरत होती आणि ताऱ्याला लाल-हिरवा सिग्नल होता. तीन ज्ञानी लोक फाटकात थांबलेले. भाच्याने ‘लिटरल’ म्हणायला तोंड उघडलं, एवढ्यात गार्ड अंकलनी अल्बम काढला.

दर नाताळला तोच सोफा, तीच जागा, कॅमेरा टीव्हीवर ठेवून सेल्फ-टायमरने काढलेला एक फोटो. मागे गार्डाच्या अक्षरात नोंद: ‘२५ डिसेंबर, १३.१०, दहा मिनिटं लेट, कारण थोरलीची वेणी.’ आधी नवरा-बायको, मग मांडीवर एक, मग दोन, मग सोफा पुरेना म्हणून पुढे सतरंजी. मग सतरंजी गेली. मग मुलं उभी राहायला लागली, मग दिसेनाशी झाली. शेवटच्या फोटोत पुन्हा दोघंच, आणि मधल्या उशीवर टेकवून ठेवलेला मोबाइल.

‘‘अंकल, बाकीचे कुठे?’’

‘‘एक कॅनडा, एक दुबई, एक डोंबिवली. डोंबिवलीवाला सर्वांत कमी येतो.’’

भाचा पान उलटायचं विसरला. मग घाईघाईने म्हणाला, की हाच माझा प्रकल्प, हीच अनुपस्थिती, अल्बम मिळेल का? अंकलनी चष्मा लावला आणि पावती फाडली: ‘एक नग अल्बम, स्थिती चांगली, चार कोपरे सुटलेले, परतीची तारीख अमुक.’ खाली सही घेतली, माझी साक्षीदार म्हणून. उशीर झाल्यास कारण लेखी द्यावं लागेल, हेही सांगितलं.

एक सांगायचं राहिलंच. थोरल्या आत्याला त्याने शेवटी फोटोसाठी पटवलं होतं. तिने नवी साडी नेसून, पावडर लावून, मोत्यांची माळ घालून खुर्ची धरली, आणि याने फक्त तिचे हात आणि उघडं बायबल घेतलं. त्या बायबलात लाइट बिल, रेशन कार्डाची झेरॉक्स, ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाचं सुटं पान आणि नातवंडांचे पासपोर्ट फोटो असतात. ‘‘आजी, ते बिल काढूया ना.’’ आत्या म्हणाली, ‘‘ते स्तोत्र एक्क्याण्णवमध्येच राहील. ते मी रोज उघडते, तारीख चुकत नाही.’’

पुण्यात कॉलेजात प्रदर्शन लागलं, नाव ‘अनुपस्थिती’. आमची मंडळी टेम्पो ट्रॅव्हलर करून गेली, दौंडहून अंकलही आले, पावतीची कार्बन प्रत खिशात घेऊन. रिकाम्या खुर्च्यांचा मोठा फोटो कोणा परीक्षकाला दिसेना, कारण त्याच्यापुढे आमची पंचवीस-तीस माणसं उभी राहून कुठली खुर्ची कोणाची ते ठरवत होती. ‘‘ही माझी, हिचा उजवा पाय कच्चा आहे.’’ ‘‘तुमची कसली? पाठीवर आमच्या दादांचं नाव आहे!’’ गाईड मॅडम कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. एका काकूंनी त्यांना चकलीचा डबा पुढे केला.

खरी गर्दी आत्याच्या हातांपुढे झाली. फोटो चांगला तीन फुटी केला होता, त्यामुळे बायबलपेक्षा लाइट बिल वाचायला सोपं जात होतं. पाळकीणबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

‘‘तीन हजार दोनशे? एकट्या बाईला?’’

‘‘गीझर असेल,’’ कोणीतरी म्हणालं.

‘‘गीझर नाही,’’ आत्या ठणकावून म्हणाली. ‘‘हा येऊन राहिला होता. रात्रंदिवस त्या बॅटऱ्या लावून ठेवायचा. ए बाळा, इकडे ये आधी! यातले निम्मे तुझे. आणि माझा तोंड दिसेल असा रंगीत फोटो कधी देतोस?’’