पायजम्याची दिशा

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारच्या पाइपाला पायजम्याचा एक पाय बांधलेला आहे. त्याचा जोडीदार काकूंनी ओटा पुसायला घेतला. गच्चीवरचा पाय रात्रंदिवस फडफडत असतो. नवीन भाडेकरू तक्रार करतात की कुणाचं तरी वाळत घातलेलं राहून गेलंय. जुने लोक नुसतं वर बघून सांगतात, "आज खाडीकडून आहे."

हा पायजमा म्हणजे काकांचा विंडसॉक, वारा कुठून आहे ते दाखवणारा. काका चेंबूर-माहुलच्या एका रिफायनरीत पस्तीस वर्षं ऑपरेटर होते. तिथे दोन आहेत. एक १९५४ साली सुरू झाली, ती अमेरिकनांची. दुसरी १९५५ साली, ती बर्माशेलची. पुढे १९७४ आणि १९७६ साली दोन्ही सरकारजमा झाल्या, पाट्या बदलल्या, इंधन तेच राहिलं. काका दोघींपैकी कुठल्या, ते मी लिहिणार नाही. त्यांनीच बजावलंय. "प्लँटची गोष्ट गेटबाहेर न्यायची नाही," असं म्हणून ते तासभर प्लँटचीच गोष्ट सांगतात.

घोडबंदर रोडला हा एक स्वतंत्र माणूसप्रकार आहे. पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली असं करत गायमुखापर्यंत प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक तरी निवृत्त रिफायनरीवाला सापडतो. चेंबूरला आयुष्य काढलं, आता एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, फुप्फुसं धुऊन निघतील, अशा हिशोबाने यांनी फंडाचे पैसे इथे घातले. ओळखायची खूण सोपी आहे. लिफ्टमध्ये शिरल्यावर बाकीचे लोक मोबाइल बघतात, हा माणूस हवा हुंगतो.

काका राहायला आले त्या पहिल्या रात्री त्यांना झोप लागली नाही म्हणे. चेंबूरच्या क्वार्टरमध्ये रात्र कधी काळी नसायचीच. फ्लेअरच्या ज्योतीने छत नारिंगी असायचं आणि लांबून वाफेचा एकसुरी सुस्कारा ऐकू यायचा. इथे मिट्ट काळोख, वर शांतता. रात्री दोनला त्यांनी काकूंना उठवलं. "अगं, काही ऐकू येत नाहीये. प्लँट ट्रिप झाला!" काकू कूस बदलून म्हणाल्या, "तुम्ही रिटायर झालात. झोपा." पुढे मेट्रोचं काम सुरू झालं, खांब ठोकायचा आवाज रात्रभर घुमू लागला, अख्खी सोसायटी हवालदिल झाली आणि काका गाढ झोपायला लागले.

काकूंचंही अर्धं आयुष्य त्याच वाऱ्यात गेलं. पापड कधी घालायचे ते त्या पंचांग बघून ठरवत नसत, वाऱ्यावर ठरवत. एका दिशेने खत कारखान्याचा अमोनिया, दुसऱ्या दिशेने डम्पिंग, आणि मधल्या वेळी आपली घरची रिफायनरी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फ्लेअर दिसायची. ज्योत बेताची, निवांत असली की काका वेळेवर येणार. ज्योत अचानक दांडगी झाली की आत काहीतरी बिघडलंय, जादा गॅस वर सोडून जाळतायत, म्हणजे रिलीव्हर येवो न येवो, नवरा अडकला. त्या कुकर लावायच्याच नाहीत. ज्योतीला काळा धूर आला तर म्हणायच्या, "स्टीम कमी पडतेय." हे ज्ञान त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. काकांनी तर नाहीच, कारण प्लँटची गोष्ट गेटबाहेर न्यायची नसते.

त्याहून पुढची गोष्ट कपड्यांची. गणवेश भिजत घालताना काकू सांगत, आज कुठलं क्रूड चढलंय. बॉम्बे हायचं तेल त्यांच्या मते सोज्वळ. गंधक कमी, घरच्या वरणभातासारखं. आखातातलं आलं की बादलीतून गंधकाचा असा भपकारा की दोनदा खळबळवावं लागे. जहाज बुचर बेटाला लागतं, तिथून समुद्राखालच्या नळाने तेल येतं, हे काका सांगत. आलेलं काय आहे, हे काकू. काका म्हणत, "लॅबचा रिपोर्ट संध्याकाळी यायचा. हिचा दुपारी."

तर अशा काकांच्या हाती आम्ही सोसायटीची सुरक्षा समिती दिली. चूक आमचीच.

पहिला बळी गेला पाण्याचा टँकर. घोडबंदर रोडला फ्लॅटमध्ये खाडीचं दर्शन मिळेल, स्विमिंग पूल मिळेल, पण नळाला पाणी मिळेलच असं नाही, त्यामुळे टँकर हे आमचं ग्रामदैवत. दहा हजार लिटर सांगतो, ओततो, पावती फाडतो, जातो. काकांनी कपाटातून डिप टेप काढली. ही पोलादी फीत, टोकाला पितळेचा जड लंबक. पितळेचा अशासाठी की टाकीच्या कडेवर आपटला तरी ठिणगी पडू नये. पाण्यात ठिणगी पडून काय होणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. काका साठीच्या पुढचे, सेफ्टी शूज घालून टँकरवर चढले, झाकण उघडलं, टेप सोडली, लंबक तळाला टेकल्याचं बोटांना कळेपर्यंत थांबले, टेप वर ओढली, ओली रेघ अंगठ्याने धरली, आणि खाली उभ्या असलेल्या सेक्रेटरींना म्हणाले, "आठ हजार सहाशे. लिहा." ड्रायव्हर म्हणाला, "रस्त्यात खड्डे आहेत साहेब, हिंदकळून जातं." हा युक्तिवाद घोडबंदर रोडवर एकदम फेटाळता येत नाही, म्हणून काकांनी दोनशे लिटर खड्ड्यांच्या नावावर मान्य केले. तेव्हापासून आमचा टँकर भरून येतो, पण ड्रायव्हर दर आठवड्याला बदलतो.

दुसरं प्रकरण परमिटचं. रिफायनरीत जिथे ज्वाला किंवा ठिणगी येणार, त्या कामाला हॉट वर्क परमिट लागतं. सही झाल्याशिवाय काडीसुद्धा ओढायची नाही. काडी मुळात गेटवरच काढून घेतात. काकांनी हा कायदा गणपतीला लावला. आरतीआधी मंडपात येऊन निरांजन, धूप आणि कापूर अशा तीन ज्वाला मोजल्या. पायजमा बघून कापराचं तबक पडद्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला हलवलं. वाळूची बादली बाप्पाच्या डावीकडे ठेवली. "उजवीकडे मोदक आहेत म्हणून," असा खुलासाही केला. भटजी घाबरून मंत्र एका दमात म्हणून मोकळे झाले.

मॉक ड्रिलची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती घडलीच थोडक्यात. रविवारी सकाळी नऊला सायरन वाजला. असेंब्ली पॉइंटला वॉचमन, त्याचा कुत्रा आणि क्लासला जायचा कंटाळा आलेली तीन मुलं जमली. बाकीच्यांना वाटलं, येऊरहून बिबट्या उतरला, म्हणून त्यांनी दारं लावून घेतली.

काकांचा आवडता पाठ मात्र वासाचा. शनिवारी गच्चीवर मुलांना बसवून शिकवतात. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत बसतो. पाइपचा गॅस हलका, छताकडे जातो. म्हणून सिलिंडर असेल तर खाली वाकून हुंगा, पाइप असेल तर वर मान करून. वास आला तर बटण लावायचं नाही, बंदही करायचं नाही, खिडक्या उघडायच्या. गॅस सुटला तर वाऱ्याला आडवं चालायचं. हे सगळं खरं आहे, उपयोगाचं आहे, आणि इमारतीतल्या मुलांना नऊचा पाढा येत नाही पण हे येतं. एक धडा काका दर वेळी आवाज उतरवून सांगतात. "हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास. वास येतोय तोवर निदान कळतं तरी. येता येता बंद झाला तर पळा. गॅस गेलेला नसतो, तुमचं नाक मेलेलं असतं. नाकावर विश्वास ठेवायचा नाही."

असं म्हणणारा माणूस दिवसातून चारदा जिन्यात उभा राहून "वास येतोय!" म्हणून ओरडतो, याची मला गंमत वाटायची. ओरडून ते लगेच हलत नसत. काकू दारात येईपर्यंत थांबत. काकू आल्या, एकदा श्वास घेतला आणि "तिसऱ्या मजल्यावर हिंगाची फोडणी" किंवा "वार्निश, दोनशे चार" म्हणाल्या, की काका त्या दिशेने चालू लागत.

सगळं एका जाड वहीत लिहिलं जाई. रकाने आखलेले होते. वेळ, काय झालं, वारा, वास. वेळ चोवीस तासांची. मी एकदा चाळली होती. वासाच्या रकान्यात पानंच्या पानं एकच अक्षर: सौ. सौ. सौ. मला वाटलं, सौम्य. म्हटलं, चला, ठाण्याची हवा चेंबूरपेक्षा बरी आहे, याला लेखी पुरावा मिळाला.

गेल्या पावसाळ्याआधीची रात्र. अवजड वाहनं सोडली होती, न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेल्या कंटेनरांची रांग लागलेली. आमच्या गेटसमोर एका ट्रकची इंधनाची टाकी दुभाजकाला घासून फाटली. दोन बाइकवाले घसरले, उठले, शिव्या देऊन बाजूला झाले. गर्दीत कुणीतरी ओरडलं, "पेट्रोल आहे, पेट्रोल!" आणि वर मेट्रोच्या गर्डरवर वेल्डिंग चालू, ठिणग्या कारंज्यासारख्या खाली.

काका पायजम्यावर हेल्मेट घालून उतरले. मागून काकू. इतकी वर्षं बाल्कनीतून "परमिट आहे का?" असं त्या वेल्डरांना विचारून काकांचा घसा सुकला होता, कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी गळ्यातली शिट्टी फुंकली, दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली, आणि वरचं वेल्डिंग थांबलं. मी त्यांचा चेहरा पाहिला. पगारवाढीच्या दिवशीसुद्धा असा नसेल.

मग ते उकिडवे बसले. दोन बोटं डांबरावर टेकवली, अंगठ्याने चोळली. "पेट्रोल नाही. असतं तर उडालं असतं, बोट गार पडलं असतं. हे तेलकट राहतंय." गर्दी गप्प. काकांनी बोट नाकाशी नेलं. बराच वेळ तिथेच ठेवलं. मग, कुणी बघत नाहीये असं समजून, ते हळूच काकूंच्या नाकाखाली सरकवलं.

"डिझेल," काकू पुटपुटल्या. "आणि लसूण. जेवून हात नीट धुतला नाहीत."

"एच.एस.डी.!" काका उभे राहून गर्जले. "हाय स्पीड डिझेल! घाबरू नका. वाळू आणा. सिगारेट कोण ओढतोय, विझव ती!"

गणपतीची बादली आली, बिल्डरच्या ढिगातली वाळू आली. अग्निशमनवाले आले तेव्हा अर्धं काम झालं होतं. त्यांच्यातल्या एकाने काकांना विचारलं, "साहेब, आपण डिपार्टमेंटचे का?" काका काही बोलले नाहीत, नुसतं हेल्मेट सरळ केलं.

मध्यरात्रीनंतर आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात. काकांनी चहाला दूध ठेवलं आणि गॅसच्या ओट्याला टेकून वही भरायला घेतली. काकू बाल्कनीत वाऱ्याला बसल्या होत्या. नोंद पूर्ण करून काकांनी वही माझ्यापुढे सरकवली.

२३.४० – रस्त्यावर एच.एस.डी. सांडलं. वेल्डिंग बंद करवलं. वाळू टाकली. वारा – पश्चिम. वास – सौ.

"काका, सौम्य कसला?" मी म्हणालो. "माझं डोकं अजून चढलंय त्या वासाने."

काका चष्मा पुसायला लागले. काचा स्वच्छच होत्या.

"अहो," बाल्कनीतून आवाज आला, "दूध लागलं."

काका दचकून वळले. पातेलं त्यांच्या कोपरापासून वीतभर होतं. गॅस बंद केला, खिडकी उघडली, खुर्चीत बसले. मग वही पुन्हा आपल्याकडे ओढली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि लिहिलं:

००.५० – दूध लागलं. वारा – नाही. वास – सौ.