पाणी न पिणारी बॅटरी

चैत्र लागला की खान्देशातले रस्ते वणीच्या दिशेनं चालू लागतात. खान्देश म्हणजे सप्तशृंगीचं माहेर. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडून गडावर जाणारा माणूस नुसता भाविक नसतो, तो माहेरचा पाहुणा असतो. आणि माहेरचा पाहुणा म्हटल्यावर सामान आलंच. चालणाऱ्याच्या खांद्यावर फक्त झेंडा. बाकी गाद्या, कळण्याचं पीठ, पाण्याच्या टाक्या, माइक, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन फर्राटा पंखे मागून येणाऱ्या पिकअपमध्ये.

जळगावच्या अशाच एका मंडळाच्या पिकअपमध्ये आप्पांचा संसार होता. संसार म्हणजे 150 अँपिअर-अवरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आणि एक इन्व्हर्टर. आप्पा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. त्यांच्या प्रत्येक पँटला मांडीवर बारीक बारीक भोकं होती. अ‍ॅसिडची ती भोकं आप्पा पदकांसारखी मिरवत. मुक्काम पडला की लोक पाय चेपत बसायचे आणि आप्पा बॅटरीची झाकणं उघडायचे. काचेची पिचकारी आत बुडवायची, पाणी ओढायचं, तरंगणाऱ्या नळीकडे एक डोळा मिटून पाहायचं आणि वैद्यबुवांच्या आवाजात सांगायचं, “बाराशे दहा. अशक्तपणा शे.” मग डिस्टिल वॉटर, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुणं, वरून व्हॅसलीन. घरातल्या नातवाचं इतकं केलं असतं तर सून खूश झाली असती, असं आप्पांच्या सौ. म्हणत.

या अशक्तांचं वजन मात्र एकेकीचं पंचावन्न किलोच्या आसपास. उतरवायला दोन तरणे लागत आणि उतरवून झाल्यावर ते तरणे राहत नसत.

चाकणला नोकरीला असलेल्या भाच्यानं एकदा हिशेब मांडला. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवर, अशा दोन. म्हणजे कागदावर 3,600 वॉट-अवर. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली रोज उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून हाती येणार 1,800. उलट लिथियम आयर्न फॉस्फेटची 12.8 व्होल्टची 200 अँपिअर-अवरची एकच बॅटरी 2,560 ची, त्यातले दोन हजार तरी निर्धास्त वापरता येतात आणि वजन पंचवीस किलोच्या आत. चाळीस माणसांचे चाळीस मोबाइल एकदा भरायचे तर साधारण एक युनिट, म्हणजे हजार वॉट-अवर जातात. देवीच्या आरतीला वीज लागते त्याच्या कितीतरी पट चालणाऱ्यांच्या स्टेटसला लागते, हे त्या दिवशी मंडळाला प्रथमच आकड्यांत कळलं.

आप्पांनी इतिहास काढला. शिशाची बॅटरी प्लांटे नावाच्या फ्रेंच माणसानं 1859 साली काढली, ती आजही गाड्या चालू करते. तुझी कालची पोर. भाच्यानं सांगितलं की हे फॉस्फेटचं रसायन 1997 च्या ज्या शोधनिबंधानं जगापुढे आलं, त्यावर पहिली दोन नावं पाढी आणि नंजुंडस्वामी अशी आपल्याकडचीच आहेत. तिसरं गुडइनफ यांचं. त्यांना लिथियम बॅटरीच्या कामासाठी 2019 मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्यांचं वय 97 होतं. आप्पा विरघळले ते या वयावर.

जुन्या बॅटऱ्या वजनावर गेल्या. शिसं भंगारातही भाव खातं, त्यामुळे निरोपाला थोडे पैसेही आले. नवी आली. आप्पांनी ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली. “पानी कथा टाकानं रे?”

“टाकायचंच नाही, मामा.”

आप्पांचा चेहरा असा झाला की जणू कुणी घरातली तुळसच काढून प्लास्टिकची ठेवली.

पहिल्याच दिवशी एरंडोलच्या अलीकडे पिकअपच्या बॉनेटमधून जळका वास आला. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरत आली की खाणं कमी करते. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी, की ही बया लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखी ओढतच राहते आणि वाढणारा अल्टरनेटर घामाघूम होतो. पारोळ्याच्या वायरमननं चार्जिंगची तार सोडवली आणि पुढचं देवीवर सोपवलं.

दुसऱ्या रात्री भजन रंगात होतं. आप्पांनी मीटर लावलं: 13. शिशाच्या जगात 12.7 म्हणजे पोट भरलं. 13 म्हणजे ढेकर. “भरेल शे,” आप्पांनी जाहीर केलं आणि भजन संपायच्या आत माइक, दिवे, पंखे सगळं एकदम गेलं. शिशाची बॅटरी जाताना सांगून जाते. दिवे पिवळे पडतात, पंख्याचा सूर उतरतो. लिथियमचा व्होल्टेज मात्र जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग आतलं बीएमएस नावाचं सर्किट काही न बोलता बटण बंद करतं. मीटरवरून तिची भूक कळतच नाही. त्यासाठी आत किती अँपिअर गेले आणि बाहेर किती आले, याचा जमाखर्च ठेवावा लागतो. तो जमाखर्च भाच्याच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपवर होता.

“मग बोलला का नाहीस?” अंधारातून कुणीतरी विचारलं.

“मना मोबाइल बंद पडना,” भाचा म्हणाला. चार्जिंगच्या रांगेत त्याचा नंबर चाळिसावा होता.

धुळ्यात आग्रा रोडला डीसी-टू-डीसी चार्जर बसवला. तो अल्टरनेटरकडून मोजून तीस अँपिअर घेतो, पंगतीतल्या कडक वाढप्यासारखा. बॅटरी भरू लागली. मंडळ खूश, भाचा खूश. आप्पा मात्र मुक्कामाला हात मांडीवर ठेवून बसू लागले. झाकण नाही, पिचकारी नाही, नव्या पँटला भोक नाही. एकदा उगाच त्यांनी टर्मिनलला व्हॅसलीन लावलं आणि उरलेलं टाचांना.

झोडग्याजवळ दुपारी बॅटरीनं पुन्हा संप केला. इंजिन चालू, चार्जर चालू, आत काही जात नाही. या वेळी मोबाइल भरलेला होता. बॅटरी 45 अंशांवर चार्जिंग थांबवते, असं तिच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. छापणाऱ्यानं वैशाखातलं जळगाव पाहिलेलं नसावं. तिथं माणसंही 45 अंशांवर थांबत नाहीत. चैत्रातच पत्र्याच्या पेटीत आतला आकडा 48 झाला होता.

भाचा अ‍ॅपमध्ये मर्यादा बदलता येते का ते शोधू लागला. आप्पा उठले. पेटीची मागची फळी काढून त्यांनी वाऱ्याला वाट केली, गाडी बाभळीखाली घ्यायला लावली, पेटीच्या टपावर गोणपाट पसरलं आणि रांजणातून तांब्या भरून आणला.

“मामा, वायरींवर नको!”

“चाळीस वर्षं बॅटरीले पानी पाजेल शे,” आप्पा म्हणाले आणि वायरी चुकवून, कडेकडेनं, गोणपाट बेतानं भिजवू लागले. तासाभरानं आकडा 44 वर आला.

नांदुरीला पोचेपर्यंत दर दोन तासांनी आप्पांचा तांब्या फिरत होता. पायथ्याशी कुणी विचारलं, पायऱ्या चढून येता ना? आप्पांनी गोणपाटाचा कोपरा चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, व्हा पुढे, हे वाळत आलंय.