मुक्काम पोस्ट सिलिंडर

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागरला जाणारा माणूस व्याडेश्वराचं दर्शन घेतो, समुद्रावर जातो, वेळणेश्वर-हेदवी करतो आणि धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे दाभोळला उतरतो. आमचाही बेत हाच होता, आणि तो मामाच्या चेतकवर पार पडायचा होता. प्रत्यक्षात जो काही प्रवास झाला तो मामाच्या खळ्यात झाला. अंतर ५७ मिलिमीटर. तेही मी नाही तोडलं, पिस्टनने तोडलं.

राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव लावणारी ही स्कूटर १९७२ साली निघाली आणि तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं नंबर लावले. मामानेही लावला, गाडी मिळाली, भरपूर चालवली आणि गाय विकल्यावर रिकाम्या पडलेल्या गोठ्यात उभी करून ठेवली. समुद्राची गाज ऐकू येईल अशा जागी.

"नीट झाकून ठेवलीय रे. वर गोधडी आहे."

गोधडी होती. पण खारी हवा वरून येतच नाही. टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीलाच दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन जिथे थांबला असेल त्याप्रमाणे त्यातलं एखादं उघडं राहतं आणि सायलेन्सरमधून पावसाळा थेट आत जातो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, त्याला गंजाचं भय नाही. त्याच्या खाचांत बसलेल्या रिंगा मात्र बिडाच्या, आणि सिलिंडरही बिडाचा. बिडाला बीड लागून काही पावसाळे गेले की दोघांना वेगळं व्हायची गरज वाटेनाशी होते.

मामाने धोतर सावरून किक मारली. किक खाली गेली नाही, त्यामुळे मामा वरच राहिला. एका पायावर, हँडल धरून, चांगला वजनदार माणूस. मग गाडी डावीकडे आडवी केली. चेतक सुरू होत नसेल तर आडवी करायची हे आपल्याकडे मुलांना पाढ्यांच्या आधी कळतं. उभी केली, पुन्हा किक. मामा पुन्हा वर.

"जाम झालाय," मामा म्हणाला. "हेड काढू."

हेडचे नट काढायला दहा-अकराचा पाना लागतो. पान्यांच्या कुठल्याही डब्यात तो सोडून सगळे असतात. शेजारच्या अण्णांकडे होता, पण कोकणात पाना एकटा उसना मिळत नाही, मालकासकट मिळतो. अण्णा आले, ओटीवर बसले, चहा घेतला आणि हेड उतरल्यावर प्रवासाची सूत्रं हाती घेतली.

आता तो मुलूख दिसला. वरचं टोक टॉप डेड सेंटर, खालचं बॉटम डेड सेंटर, मधलं अंतर ५७ मिलिमीटर. रुंदीही ५७च. एकूण घनफळ १४५ सीसी. धडधाकट गाडीत पिस्टन ही वारी मिनिटाला हजारो वेळा करतो आणि कुणी त्याचं प्रवासवर्णन लिहीत नाही. आमचा मध्येच, एक्झॉस्ट पोर्ट अर्धवट झाकून, मुक्काम ठोकून होता.

अण्णांनी आधी ग्रीसगन सुचवली. हेड बसवून प्लगच्या भोकातून ग्रीस दाबत राहायचं, पिस्टनला सरकावंच लागतं. युक्ती खरी आहे, पण सगळी दारं बंद असतील तर. आमचं सगळं ग्रीस सायलेन्सरात गेलं असतं. मग त्यांनी हातोडा मागितला. अ‍ॅल्युमिनियमच्या टाळक्यावर हातोडा मारला तर पिस्टन सुटण्याआधी फुटतो, हे पटवायला दुसरा चहा खर्ची पडला.

शेवटी डिझेल. तेही ओतलं की अर्ध्या दारातून पसार होई, म्हणून भिजवलेल्या चिंध्या आत दाबून ठेवल्या आणि वाट बघायची ठरलं. या मुक्कामात बघण्यासारखं काही नाही. दर थोड्या वेळाने कुणीतरी जाऊन चिंधी उचलायचं, आत बघायचं आणि "अजून नाय" म्हणून परत यायचं. मामीची खोबरेलाची बाटली मध्येच कधीतरी रिकामी झाली. तिच्याबद्दल सगळ्यांनी एकमुखाने मौन पाळलं.

तिसऱ्या प्रहरी गॅरेजवाला मिस्त्री आला. फणसाच्या लाकडाचा ठोकळा पिस्टनवर ठेवून त्याने कडेकडेने हलके ठोके दिले आणि म्हणाला, "हेड परत बसवा. गाडी गिअरमध्ये घालून ढकलायची." सिलिंडरही हेडच्याच नटांनी धरलेला असतो. हेड नसताना ढकललं तर पिस्टनबरोबर अख्खा सिलिंडर बाहेर यायचा. म्हणजे पुन्हा दहा-अकरा, पुन्हा अण्णा, पुन्हा चहा.

कोणता गिअर, यावर सभा भरली. अण्णांचं मत पहिला, कारण "चढाला पहिलाच लागतो." ते चढावर. इथे जोर उलटा, चाकाकडून इंजिनाकडे जायचा होता, म्हणून चौथा. मिस्त्रीने चौथा टाकला. अण्णांनी सभात्याग केला, पण ओटीपर्यंतच.

मामा आणि मिस्त्री ढकलायला. मी प्लगच्या भोकात हिराची काडी घालून, ती हाताने पिस्टनवर टेकवून, ओणव्याने गाडीसोबत. पुढे. मागे. पुढे. चाक फरफटतंय, खळ्याचं सारवण उकरलं जातंय, बघे वाढताहेत. एका धक्क्याला काडी तांदळाच्या दाण्याएवढी सरकली.

"हलला!"

पुढचा मार्ग मग भराभर संपला. पिस्टन खालच्या टोकाला पोचला, वळला आणि वर आला. अण्णांनी उठून अभिनंदन स्वीकारलं.

मामाने हसत क्लच दाबला आणि गाडी सरकवून बघितली. चाक सुटेना. मिस्त्रीने खाली वाकून बघितलं.

"क्लचप्लेटा चिकटल्यात. त्या चिकटल्या म्हणून पिस्टन सुटला. नायतर क्लचच घसरला असता."

मामा ताठ झाला. "म्हणजे गाडी मी बरोबरच ठेवली होती!"

मामी रिकामी बाटली हातात घेऊन दारात उभी होती. "पिस्टन आला ना फिरून? मग आता त्या पोराला हेदवीच्या एसटीत बसवून द्या."